मॉर्मन सर आणि बी विंगचं पाणी

आमच्या सोसायटीत अमेरिकेच्या निवडणुकीचा सगळ्यात जास्त विचार ज्या माणसाने केला, त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता. काढायचाही नव्हता. तिकडे गेलो की माझं मत तिकडच्यांसारखं होईल, लांबून नीट दिसतं, असं सरांचं म्हणणं. लांबून म्हणजे डोंबिवली पूर्वेच्या एका पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून. तिथून समोर फक्त ए विंगचे वाळत घातलेले कपडे दिसायचे.

सर कल्याणच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे आणि मी त्याच कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क. शिवाय आम्ही राहायलाही एकाच इमारतीत, बी विंगला. ते पहिल्या मजल्यावर, मी चौथ्या. त्यामुळे त्यांचा विक्षिप्तपणा मला कामाच्या वेळेत मिळायचा तसा सुट्टीतही मिळायचा. कॉलेजातली मुलं त्यांना पाठीमागे ‘मॉर्मन सर’ म्हणायची. पुढे कोणीतरी चुकून तोंडावर म्हटलं आणि त्यांनी ओ दिली. तेव्हापासून तेच नाव पडलं.

त्याचं असं झालं. काही वर्षांपूर्वी अमेरिकेत अध्यक्षपदाच्या लढतीत एक मॉर्मन उमेदवार होता. मॉर्मन हा तिकडचा एक पंथ. ते स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात, पण इतर बरेच ख्रिस्ती त्यांना आपल्यात धरायला तयार नसतात. दारू नाही, तंबाखू नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही. पक्षाची उमेदवारी कोणाला द्यायची हे ठरत होतं, तेव्हा त्याच्याच पक्षातली कट्टर धार्मिक मंडळी नाकं मुरडत होती, दुसरा कोणी मिळतो का ते बघत होती. पण उमेदवारी त्यालाच मिळाली आणि समोर विरोधी पक्षाचा माणूस आला, तेव्हा याच मंडळींनी मुकाट त्याच्या नावावर भरभरून मतं दिली. सरांनी हे कुठल्याशा जुन्या साप्ताहिकात वाचलं आणि वाचनालयातून ते घरी आले ते वेगळेच होऊन.

“बाई,” दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, “घरातल्या घरात माणूस निवडायचा असतो तेव्हा लोक त्याचा देव्हारा बघतात. बाहेरच्याशी भांडायचं असतं तेव्हा घरातला कोणीही चालतो.”

मी बोनाफाइड सर्टिफिकेटांवर शिक्के मारत होते. मी त्यांना जरा बाजूला व्हायला सांगितलं, कारण त्यांचं कोपर शाईच्या पॅडवर होतं.

त्या वर्षी त्यांनी अंतर्गत परीक्षेत प्रश्न घातला: मॉर्मन उमेदवारास मतदारांनी आधी नाकारून नंतर का स्वीकारले? सोदाहरण स्पष्ट करा. अभ्यासक्रमात याचा पत्ता नव्हता. पण आमची मुलं प्रश्न सोडून देणाऱ्यांतली नव्हेत. निम्म्यांनी मॉर्मन यांचा जन्म एका गरीब कुटुंबात झाला इथून सुरुवात केली, आणि बऱ्याच जणांनी त्यांना थोर समाजसुधारक करून टाकलं. एका मुलीने लिहिलं की मॉर्मन यांना समाजाने आधी नाकारले कारण ते काळाच्या पुढे होते. सरांनी तिला दहापैकी आठ दिले. पालकांची तक्रार आली ती माझ्याकडे. मी ती फायलीला लावली आणि फाइल अशा कपाटात ठेवली, ज्याची चावी हरवलेली होती.

सरांकडे पत्रिका असायच्या. लग्नपत्रिका. कोणाचंही लग्न झालं की ते पत्रिकेची कोरी बाजू कापून ठेवायचे आणि तिच्यावर ओळखीच्या माणसांची नोंद करायचे. अमेरिकेत हा माणूस कुठल्या गटात पडला असता, अशी. मी ‘मेनलाइन प्रोटेस्टंट’, म्हणजे तिकडच्या मवाळ ख्रिस्त्यांपैकी होते. गणपती-दिवाळीला देव, एरवी काम. मत देताना आधी रस्ता बघणार, मग देव बघणार, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मी म्हटलं, रस्ता झालाय का कुठे बघायला?

दुसऱ्या मजल्यावरच्या साने काकू ‘इव्हँजेलिकल’ होत्या, म्हणजे कट्टर धार्मिक गटातल्या. दर गुरुवारी मठात जायच्या, येताना सगळ्यांसाठी प्रसाद आणायच्या आणि प्रसादाबरोबर थोडा उपदेशही. त्यांना सरांनी त्यांचा गट सांगितला तेव्हा त्यांना वाटलं हा काहीतरी आजार आहे. त्यांनी साखर-बीपी सगळं तपासून घेतलं.

फक्त कांबळे साहेबांपाशी सरांचं गाडं अडलं. कांबळे आमच्या शेजारचे, बँकेत अधिकारी, बौद्ध. सर पत्रिका आणि पेन घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले आणि तुम्हाला कुठल्या रकान्यात घालू, असं विचारू लागले. कांबळे शांतपणे म्हणाले, “सर, आम्हाला रकान्यात घालण्याचं काम फार जुनं आहे. तुम्ही त्यात नवीन माणूस आहात. बसा, पाणी घ्या.” सर बसले, पाणी प्यायले आणि पत्रिकेवर ‘स्वतंत्र’ एवढंच लिहून परत आले. नंतर मला म्हणाले की इमारतीत एकच माणूस विषय समजलेला आहे.

आता सर माजिवड्याला मुलीकडे असतात. अमेरिकेत कुठे पोटनिवडणूक झाली तरी मला फोन करतात. मी फोन स्पीकरवर ठेवून भाजी निवडते.

त्यांचा खरा सिद्धांत मात्र लग्नपत्रिकेवर मावणारा नव्हता. तो असा, की लोकांना उमेदवाराच्या धर्मग्रंथाशी काही देणंघेणं नसतं. त्यांच्या मनात एकच प्रश्न असतो: हा आपल्याकडे आला तर काय घेणार? ‘काय घेणार’ला ज्याच्याकडे सरळ उत्तर नाही, तो माणूस परका. मॉर्मन उमेदवाराची अडचण देवाची नव्हती, कपाची होती. हे सिद्ध करायला सरांनी एकदा महिनाभर चहा सोडला. कारण कोणाला सांगितलं नाही, नुसतं ‘नको’ म्हणत राहिले. पहिल्या आठवड्यात शिपाई त्यांच्याशी तुटक वागू लागला. दुसऱ्यात प्राचार्यांना वाटलं सर रुसलेत. तिसऱ्यात स्टाफरूममध्ये ते आले की लोक विषय बदलू लागले. महिन्याच्या शेवटी शिक्षक प्रतिनिधीची निवडणूक होती. त्या जागेवर सर अकरा वर्षं बिनविरोध होते. त्या वर्षी समोर माणूस उभा राहिला आणि सर पडले. निकाल ऐकून ते इतके खूश झाले की जिंकलेल्या माणसाला वाटलं ते टोमणा मारतायत.

आता पाण्याचं सांगते, कारण पुढचं सगळं पाण्यावरून झालं.

आमच्या सोसायटीला विंग दोन आणि टाकी एक. ए विंगचा वॉल्व्ह सकाळी सहाला उघडायचा, आमचा नऊला. वॉल्व्हच्या खोलीची चावी सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरी बारा वर्षं ए विंगचे तात्या. नऊला बी विंगमधली निम्मी घरं बंद असतात. मी सव्वाआठला निघायची. या बारा वर्षांत पाण्यासाठी मी जेवढे हाफ डे टाकले, तेवढे मुलीच्या आजारपणात टाकले नाहीत. तात्या तसे वाईट नव्हते. सहाला पाणी येणं हा ए विंगचा जन्मजात गुण आहे, असं ते मनापासून मानायचे.

बरं, हिशोब सोपा होता. बी विंगला बावीस घरं, ए विंगला वीस. घरटी एक मत. सेक्रेटरी कोण, हे आमच्याकडे सरळ चिठ्ठ्या टाकून ठरतं. नियमात बसतं का, हे विचारायला कोणी गेलेलं नाही. म्हणजे बी विंगने एक माणूस उभा केला तर तात्या पडणार हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण दर वेळी बी विंगमधून दोन तरी उभे राहायचे, एकदा तर चार राहिले, आणि तात्या निवांत निवडून यायचे.

आणि आमच्याकडे माणूस होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या भोसेकर वहिनी. साठीच्या, एकट्या राहणाऱ्या. एका पालिकेच्या पाणी खात्यात तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या. पाइपाला कान लावून हवा कुठे अडकलीय ते सांगायच्या. माझ्यासकट तीन बंद घरांच्या चाव्या त्यांच्याकडे असायच्या. रोज नऊला त्या आमची पिंपं भरून, फरशी पुसून, कुलूप लावून जायच्या. त्या गावाला गेल्या की मात्र मला हाफ डे टाकावा लागायचा.

पण वहिनींचं नाव निघालं की बी विंग ‘चांगल्या आहेत हो, पण’ इथे येऊन थांबायची. वहिनींचा पंथ वेगळा होता. नगरकडे कुठेतरी त्यांच्या गुरूंचा छोटासा मठ. उकळलेलं काही प्यायचं नाही, हा त्यांचा नियम. चहा नाही, कॉफी नाही, आजारी असल्या तरी काढा नाही. गणपतीत यायच्या, मागे बसायच्या, आरतीला तोंड उघडायच्या नाहीत. बाकी त्यांच्यात आणखी काय नियम आहेत ते कोणी विचारलं नाही, चहापाशीच सगळ्यांची चौकशी संपायची. आपल्यातल्याच, पण आपल्यातल्या नाहीत, असा साने काकूंचा निर्वाळा होता. कांबळे एकदा मला जिन्यात म्हणाले, “गंमत बघा. त्यांच्या हाताने भरलेलं पाणी सगळ्यांना चालतं. त्यांना आपला चहा चालत नाही, एवढ्यावर अडलंय.”

निवडणूक लागली तशी मी वहिनींना गाठलं आणि उभं राहा म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, सगळ्यांची इच्छा असेल तर राहीन, मी स्वतः मागणार नाही. मग मी सरांकडे गेले. हाफ डे शिल्लक राहिले नव्हते आणि मार्चपर्यंत पाच महिने होते.

सर तीन मिनिटं डोळे मिटून बसले. डोळे उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मला न आवडणारा आनंद होता. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा अमेरिका चालत डोंबिवलीला आली होती. घरातला उमेदवार निवडायचाय, देव्हारा आडवा येतोय, पुढे बाहेरच्याशी लढत. सगळं तंतोतंत. त्यांनी आधी वहिनींना सुचवलं की प्रत्येक घरी जा आणि कप नुसता हातात धरा, पिऊ नका. वहिनींनी स्वच्छ नाही म्हटलं. जे घ्यायचं नाही ते हातात कशाला धरायचं?

“मग मी पितो,” सर म्हणाले.

मला समजलं नाही. सरांनी समजावलं. ही प्रातिनिधिक लोकशाही आहे. लोकांच्या वतीने प्रतिनिधी मत देतो, मग प्रतिनिधीच्या वतीने कोणी चहा का पिऊ नये? वहिनी प्रत्येक घरी जातील, पाण्याचं बोलतील. सर शेजारी बसून त्यांच्या वाटणीचा चहा पितील. यजमानाचं समाधान, वहिनींचं व्रत शाबूत.

बावीस घरांतून सरांचं आणि वहिनींचं घर वजा केलं तर उरली वीस. एक रविवार ठरला. यादी करायला आणि वेळ पाळायला मी बरोबर होते. अर्धाच कप घ्या, असं मी सरांना निघताना बजावलं होतं. पण अर्धा कप म्हणजे अर्धं मत, हे त्यांचं उत्तर तयार होतं.

साने काकूंकडे आल्याचा झाला. त्यांच्या वरच्यांकडे गुळाचा, फाटलेला. एका नव्या जोडप्याकडे हिरवा, बिनदुधाचा; तो सरांनी संपवला आणि बाहेर येऊन हे धर्मांतर आहे असं म्हणाले. कांबळ्यांनी दारातच सांगितलं की माझं मत वहिनींनाच आहे, तुमचे हाल बघवत नाहीत, चहा राहू द्या. सर ऐकेनात, नमुना पूर्ण झाला पाहिजे. बाराव्या कपानंतर ते भराभर बोलायला लागले. पंधराव्याला बशी वाजायला लागली. सतराव्या घरी आम्ही वहिनींचं पाण्याचं ऐकत होतो तेव्हा सर स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून तिथल्या फ्रिजला धर्म आणि राज्य वेगळं का असावं ते सांगत होते. विसावा कप माझ्या घरचा. मी कपात कोमट पाणी घालून दिलं. त्यांनी ते चहा समजून प्यायलं आणि साखर बरोबर आहे म्हणाले.

पुढच्या रविवारी संध्याकाळी बी विंगची सभा गच्चीवर भरली. अजेंडा एकच: कोणा एकाला उभं करायचं. मी उठून वहिनींचं नाव सुचवणार, तेवढ्यात साने काकू उभ्या राहिल्या.

“मला वाटतं, सरांनाच उभं करावं,” त्या म्हणाल्या. “इतका शिकलेला माणूस, पण प्रत्येकाच्या घरी आला, दिला तो चहा घेतला. कुठे म्हणून नाही म्हटलं नाही.”

गच्चीभर माना डोलल्या. हात वर करायला सांगितले तर सतरा हात वर. वहिनी एका कोपऱ्यात पाण्याच्या टाकीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं बघत होत्या.

इथे एक सांगायला हवं. सरांना नळ आणि पाना यातला फरक माहीत होता, पण उपयोग माहीत नव्हता. एकदा त्यांनी स्वतः वॉशर बदलला आणि तळमजल्यावरच्यांच्या देव्हाऱ्यावर तीन दिवस अभिषेक चालला होता. ते उभे राहिले असते तर एक तर तात्यांनी त्यांना वॉल्व्हवरचे चार प्रश्न विचारून पाडलं असतं, नाहीतर ते निवडून आले असते. दुसरी शक्यता जास्त वाईट होती.

सर माझ्या कानाशी वाकले. “बाई, सिद्धांत सिद्ध झाला हो. आता काय करू?”

“पाडा,” मी म्हटलं.

“सिद्धांत?”

“स्वतःला.”

सर चष्मा पुसून उभे राहिले आणि वर्गात हजेरी घेतात तशा आवाजात म्हणाले, “उमेदवारी देण्याआधी एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी. मी देव मानत नाही.”

साने काकूंनी विचारलं, “म्हणजे सध्या, का कायमचं?”

“चाळीस वर्षं.”

“आणि गणपतीत पंक्तीला बसून मोदक खाता ते?”

“मोदक मानतो.”

“आणि मी दर गुरुवारी मठातला प्रसाद देते तो?”

“तो खाल्ला,” सर म्हणाले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, “बर्फी असेल तेव्हा दोनदा.”

काकू खाली बसल्या. शेजारची त्यांना पदराने वारा घालू लागली. कुजबुज सुरू झाली आणि मग मागून कोणाचा तरी आवाज आला की वहिनी निदान कोणाला तरी मानतात. त्या वाक्याबरोबर वारं फिरलं. चहा न पिणारी बाई दहा मिनिटांत गच्चीवरची सगळ्यात सोज्वळ बाई ठरली. पुन्हा हात वर झाले तेव्हा वहिनींना कोणाचाच विरोध नव्हता. सरांचा चेहरा लाल झाला होता. लोकांना ती लाज वाटली, मला माहीत होतं तो सिद्धांताचा आनंद आहे. अमेरिकेतले लोकही मॉर्मनला नाही म्हणतात, पण देव न मानणाऱ्याला त्याहून ठाम नाही म्हणतात, हे त्यांनी मला मागे एका जुलैत, ऐन ॲडमिशनच्या गर्दीत ऐकवलं होतं.

ते खरोखरच मानत नव्हते की तेवढ्यापुरतं बोलले, मी विचारलं नाही. त्यांचा प्रसाद मात्र बंद झाला. तीन गुरुवार साने काकू त्यांच्या दारावरून मान वळवून गेल्या. चौथ्या गुरुवारी त्यांनी बेल वाजवून द्रोण हातात दिला. मानू नका, पण खा, अन्न वाया जातं, एवढंच बोलल्या.

मतदान झालं. बी विंगची बावीसच्या बावीस घरं हजर. ए विंगचं एक घर गावी गेलेलं, म्हणून त्यांची एकोणीस. कांबळ्यांनी आणि ए विंगच्या एका काकांनी मिळून चिठ्ठ्या मोजल्या. भोसेकर वहिनी एकवीस, तात्या वीस. तात्यांनी वॉल्व्हच्या खोलीची चावी काढून दिली. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही विंगना सहाला पाणी. वहिनी म्हणाल्या, दोन्ही वॉल्व्ह निम्मे उघडले की पुरतं, बारा वर्षांत कोणी करून बघितलं नाही इतकंच. पहिल्या सकाळी मी साडेसहाला आंघोळ करून बसले आणि पुढे काय करायचं ते सुचेना.

हे इथे संपायला हवं होतं. पण सरांना बेरीज येत होती. आपली बावीस, मिळाली एकवीस. त्यांची एकोणीस, मिळाली वीस. बी विंगमधलं एक मत तात्यांना गेलं होतं. सर झपाटले. गच्चीवर हात वर करून खाली चिठ्ठीत देव्हारा बघणारा हा मतदार कोण, हाच तर सगळ्या अभ्यासाचा गाभा. ते लग्नपत्रिका घेऊन पुन्हा वीस घरं फिरू लागले. साने काकूंनी मठाची शपथ घेतली. हिरव्या चहावालं जोडपं रडकुंडीला आलं. जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघायला लागला. एकदा सर माझ्याच दारात आले आणि, मेनलाइन लोक ऐनवेळी डळमळतात असं वाचलंय, असं जरा खाकरून म्हणाले. मी त्यांना माझ्या बारा वर्षांच्या हाफ डेची यादी दाखवली आणि दार लावलं. एका मतासाठी सोन्यासारखं पाणी घालवाल, हे दार लावता लावता सांगितलं.

तेच झालं. बी विंगमध्येच गडबडीची चर्चा आहे म्हटल्यावर तात्या जागे झाले. आठव्या दिवशी संध्याकाळी बोर्डावर कागद लागला: मतदानाबाबत बी विंगमधूनच शंका व्यक्त होत असल्याने फेरमतदानाचा अर्ज करत आहे, निर्णय होईपर्यंत उद्यापासून पाण्याची वेळ पूर्वीप्रमाणे राहील.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी खाली गेले. वॉल्व्हच्या खोलीशी तात्या अर्ज घेऊन उभे. कांबळे होते. सर कानटोपी घालून, हातात पत्रिका घेऊन आलेले, आणि आपण काय करून बसलो ते कळल्यामुळे कोणाकडे बघत नव्हते. सहाला दहा कमी असताना वहिनी चावी घेऊन उतरल्या. तात्यांनी अर्ज पुढे केला. वहिनींनी तो दिव्याखाली धरून शांतपणे वाचला.

“तात्या, यात शंका कसली?” त्या म्हणाल्या. “ते मत माझं आहे. मी तुम्हाला दिलं.”

“मला? तुम्ही?” तात्यांनी अर्ज परत घेतला.

“आमच्यात स्वतःचं नाव स्वतः पुढे करत नाहीत. उरलात तुम्ही.”

“अहो, मग कोरी चिठ्ठी टाकायची,” सर कळवळून म्हणाले.

“आलेलं कर्तव्य टाळायचं नाही, हेही आमच्यात आहे.”

“एका मताने तुम्ही पडला असता तर?” मी विचारलं. मला खरंच राग आला होता.

“तर नऊला तुमची पिंपं भरली असती. भरत होतेच की,” वहिनी म्हणाल्या. मग तात्यांकडे वळल्या. “फेरमतदान घ्या. मी पुन्हा तुम्हालाच देईन.”

तात्यांनी अर्जाची घडी घातली, आणखी एक घातली आणि तो बंडीच्या खिशात ठेवला. ज्या मतावरून त्यांनी अर्ज केला होता, ते त्यांच्याच नावावर निघालं होतं. तक्रार कोणाची करणार? ते बाजूला झाले. जाताना कांबळ्यांना म्हणाले, “बारा वर्षं मी स्वतःला मत देत आलो. तेव्हा नाही कोणी विचारलं.”

वहिनींनी कुलूप काढलं. सहाला आधी एका विंगचं चाक फिरवलं, मग दुसऱ्याचं. पाइपातून घरघर वर चढत गेली. सर दिव्याखाली पत्रिका धरून लिहीत होते. मी वाचलं. पंथाचे इमारतीतले एकूण मतदार: एक. स्वतःच्या उमेदवाराला मते: शून्य. धर्मामुळे ठरलेलं अख्ख्या इमारतीतलं एकमेव मत, आणि ते विरोधात.

“बाई, तिकडे मॉर्मन लोक मॉर्मनला जवळजवळ सगळेच्या सगळे मत देतात हो,” सर हताश होऊन म्हणाले. “हे मी टक्केवारीत कसं बसवू?”

“शून्याला टक्केवारी लागत नाही, सर,” मी म्हटलं आणि जिना चढायला लागले. वर नळ उघडा राहिला होता.